अर्थिंग द्यायचं की नाही? आधी यंत्रात ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीच्या घरात माळा आवरताना आजोबांच्या दोन वस्तू सापडल्या: एक व्हॉल्व्हचा (काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा) टेबल रेडिओ आणि त्यांनी स्वतः जोडलेला, ईएल८४ व्हॉल्व्हच्या जोडीचा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्हींना टू-पिन आहे आणि दोन्ही चालू होतात. पण अ‍ॅम्पच्या पत्र्याला टेस्टर लावला की पेटतो आणि रेडिओच्या नॉबला हात लागला की झिणझिण्या येतात. जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या तीन मित्रांनी तीन सल्ले दिले. पहिला म्हणाला, थ्री-पिन लावून पत्र्याला अर्थ दे. दुसरा म्हणाला, अर्थ दिलास तर घरघर येईल, मुळीच देऊ नकोस. तिसरा म्हणाला, पिन उलटी घाल, काम होईल. तुम्हाला मात्र त्या रेडिओवर फोनमधली गाणी वाजवायची आहेत.

हे वाचून होईपर्यंत दोन्ही पिना सॉकेटमधून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. का, ते पुढे येईलच.

मी पुण्यात तीस वर्षं जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्त करतोय, आणि हा वाद तेवढीच वर्षं ऐकतोय. माझ्या मते तुमचे पहिले दोन मित्र दोन वेगळ्या जातींच्या यंत्रांना एकच उत्तर लावताहेत, म्हणून त्यांचं पटत नाही. तुमच्या घरात सापडलेल्या दोन वस्तूंपैकी एकीला अर्थ दिलाच पाहिजे. दुसरीच्या चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, तो थेट जोडणं घातक ठरेल, अशी दाट शक्यता आहे. त्यामुळे 'अर्थ द्यावा का?' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की भिंतीतली वीज आणि तुमचा हात यांच्यामध्ये नेमकं काय आहे?

रेडिओपासून सुरुवात करतो, कारण मला जास्त काळजी त्याची आहे.

एके काळी काही शहरांच्या काही भागांत घरात एसी नव्हे, डीसी वीज येत असे. ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. म्हणून रेडिओ बनवणाऱ्यांनी दोन्हीवर चालणारे 'एसी-डीसी' सेट काढले. त्यात ट्रान्सफॉर्मर पूर्ण वगळला आणि सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडले. त्यासाठी 'यू' अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह असत, सगळे १०० मिलिअ‍ॅम्पिअरचे. उदाहरणार्थ यूसीएच८१ आणि यूबीएफ८९ प्रत्येकी १९ व्होल्टचे, यूबीसी८१ हा १४ चा, यूएल८४ हा ४५ चा आणि यूवाय८५ हा ३८ चा. बेरीज होते १३५ व्होल्ट. २३० मधले उरलेले ९५ व्होल्ट एका जाड रेझिस्टरमध्ये, ज्याला आपण ड्रॉपर म्हणतो, उष्णतेच्या रूपाने जातात. साडेनऊ वॅट उष्णता झाली ती. असे सेट तासाभरात एका बाजूने तापतात ते यामुळेच. ट्रान्सफॉर्मर वाचल्यामुळे सेट हलका आणि स्वस्तही होत असे, म्हणून एसी असलेल्या घरांतही तो भरपूर खपला.

याची किंमत चेसिसला मोजावी लागली. पिनेच्या दोन तारांपैकी एक थेट चेसिसला जोडलेली असते. टू-पिन कशीही घालता येते. एका बाजूने घातली तर चेसिस न्यूट्रलला, दुसऱ्या बाजूने घातली तर अख्खा पत्रा फेजला, म्हणजे जिवंत तारेला. बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी लाकडी किंवा बेकेलाइटची पेटी, प्लॅस्टिकचे नॉब, नॉबमधला स्क्रू खोल बुडवून त्यावर मेण आणि पाठीमागे छिद्रांचं पुठ्ठ्याचं झाकण अशी तटबंदी केली होती. हे झाकण धूळ अडवायला आहे असं समजून लोक काढून टाकतात. मुळात तेच तुमचं इन्सुलेशन आहे.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातलं उदाहरण सांगतो. घरातल्या आजी म्हणत होत्या, 'रेडिओ चावतो.' घरच्यांनी लक्ष दिलं नव्हतं, कारण बाकी कुणालाच काही होत नव्हतं. मी गेलो तेव्हा एका नॉबच्या जागी नुसता पितळी दांडा होता, नॉब फुटून गेलेला. आजी सकाळी फरशी पुसून झाल्यावर, अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर उभं राहून तो दांडा फिरवत. बाकीचे चपला घालून किंवा खुर्चीत बसून. आणि वीस वर्षं न चावलेला रेडिओ आत्ताच का चावू लागला? दोन महिन्यांपूर्वी घराचं वायरिंग नवीन झालं होतं आणि त्या सॉकेटमधले फेज-न्यूट्रल अदलाबदल झाले होते. रेडिओत काहीही बिघडलेलं नव्हतं. तो बांधला होता तसाच होता, आणि त्या माउलीच्या हातात रोज सकाळी २३० व्होल्ट येत होते. त्यांचा शब्द कुणीतरी दोन महिने आधी ऐकायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

तिसऱ्या मित्राचा 'पिन उलटी घाल' हा सल्ला इथूनच येतो. तात्पुरतं त्याने काम होतं, पण त्यावर विसंबू नका. पहिलं कारण वरच्या गोष्टीत आलंच. पिन कुणीतरी कधीतरी काढतो आणि पुन्हा घालताना कुठली बाजू होती हे त्याला आठवत नाही. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. काही सेटमध्ये चालू-बंदचा स्विच एकाच तारेवर, आणि तोही चेसिसकडे जाणाऱ्या तारेवर असतो. अशा सेटमध्ये पिन 'बरोबर' घातली तरी रेडिओ बंद केला की न्यूट्रल तुटते, आणि फेज फिलामेंटच्या माळेतून फिरून चेसिसवर येऊन बसते. चालू असताना सुरक्षित आणि बंद असताना जिवंत. म्हणूनच सुरुवातीला पिना काढून ठेवा म्हणालो.

आता पहिल्या मित्राचा सल्ला या रेडिओला लावून पाहा. थ्री-पिन लावली आणि हिरवी तार चेसिसला पिळली. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर फेज थेट अर्थला जाईल. अर्थिंग चांगलं असेल तर एमसीबी उडेल. ते खराब असेल तर त्या अर्थच्या तारेला जोडलेलं घरातलं प्रत्येक उपकरण, म्हणजे फ्रिज, गिझर, वॉशिंग मशिन, काही काळ फेजवर येईल. फेज-न्यूट्रल बरोबर असले तरी न्यूट्रल आणि अर्थ रेडिओत एकत्र झाल्यामुळे आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, टिकणार नाही. मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. हे मी पाहिलंय.

तुमचा रेडिओ या जातीचा आहे का, हे मी इथून सांगू शकत नाही, पण तुम्ही तपासू शकता. मागून व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. 'यू' ने सुरू होत असतील तर जवळपास नक्की. 'ई' ने, म्हणजे ईसीएच८१, ईबीएफ८९ असे असतील तर बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. पण काही सेटमध्ये 'ई' व्हॉल्व्ह असूनही ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर) असतो आणि तो चेसिसला विजेपासून तोडत नाही. म्हणून नंबरांवर थांबू नका. पिन सॉकेटबाहेर, रेडिओचा स्विच चालू स्थितीत, मल्टिमीटर ओहमवर. एक टोक चेसिसला, दुसरं पिनेच्या एका पायाला, मग दुसऱ्या पायाला. दोन्हीकडे मीटर उघडं सर्किट दाखवत असेल तर ट्रान्सफॉर्मर वेगळा करतोय. कुठेही शून्य किंवा काहीशे ओहम आले तर चेसिस जिवंत जातीचा आहे. स्विच बंद ठेवून मोजलंत तर फसाल.

आता फोनची गोष्ट. रेडिओच्या मागे रेकॉर्ड प्लेअरसाठीची दोन भोकं असतात, तिथे ऑक्स केबल घालून फोन जोडण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला ते चालतं. एसी-डीसी सेटमध्ये त्या केबलची जमीन, म्हणजे ग्राउंडची तार, थेट चेसिसला जाते. फोनची धातूची कड हातात, चार्जिंग चालू, कानात इअरफोन, आणि चेसिस फेजवर. हे चित्र मला विचारानेही नको वाटतं. त्या भोकांच्या आत कधी कधी वेगळेपणासाठी कंडेन्सर दिलेले असतात, पण साठ वर्षांच्या कागदी-मेणाच्या कंडेन्सरवर मी कुणाचा जीव टाकणार नाही. एरियलच्या भोकामागेही असाच कंडेन्सर असतो. तो शॉर्ट झाला तर गच्चीवर ताणलेली एरियलची तार जिवंत होते, जिच्या शेजारी कुणी कपडे वाळत घालत असेल. असा सेट माझ्याकडे आला की एरियल आणि अर्थच्या भोकांमागचे कंडेन्सर मी आधी बदलतो, तेही 'वाय' वर्गाचे. हा वर्ग फेज आणि माणूस यांच्यामध्ये बसवण्यासाठीच बनवतात, आणि बिघडलाच तर तो शॉर्ट न होता तुटावा अशी त्याची रचना असते. साधा ६३० व्होल्टचा कंडेन्सर, आकडा मोठा दिसला तरी, तिथे चालत नाही.

मग गाणी कशी वाजवायची? मला पटलेले मार्ग दोनच. एक, २३० ते २३० व्होल्टचा खराखुरा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, रेडिओला मेन्सपासून तोडणारा), शंभर व्हीएचा, फक्त या एका रेडिओसाठी कायमचा. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सांगून गुंडाळून मिळतो. घेताना प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळ्यांमध्ये ओहम मोजून, उघडं सर्किट दिसलं तरच घ्या. दोन, ब्लूटूथचा छोटा बोर्ड बॅटरीसकट पूर्णपणे पेटीच्या आत, बाहेर एकही तार न काढता. बॅटरी चार्ज करायची तर पिन काढून, झाकण उघडून. चार्जिंगची केबल सोयीसाठी बाहेर काढलीत तर ऑक्स केबलचाच धोका परत आला. आणि डिमरस्टॅट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र), व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा यूपीएस म्हणजे आयसोलेशन नव्हे. डिमरस्टॅटमध्ये एकच गुंडाळी असते, फेज सरळ पलीकडे जातो.

रेडिओचं इथे संपलं. आता आजोबांचा अ‍ॅम्प.

ईएल८४ ची जोडी, म्हणजे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या मुलार्ड कंपनीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच व्हॉल्व्ह, दहा वॅटच्या सर्किटचा वंशज असण्याची शक्यता आहे. त्या काळी जगभरच्या हौशी लोकांनी ते घरी बांधलं. त्यात मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. वर सांगितलेली ओहमची तपासणी यालाही करा, पण उत्तर 'वेगळा आहे' असंच येईल असं धरून पुढे जातो. मग पत्र्याला लावलेला टेस्टर का पेटतो?

टेस्टर फार हळवा असतो. त्यातला निऑन दिवा मिलिअ‍ॅम्पिअरच्या छोट्याशा अंशावर पेटतो. त्यामुळे 'टेस्टर पेटला' यातून वीज पोहोचते एवढंच कळतं, किती पोहोचते ते कळत नाही. अर्थ नसलेल्या पत्र्यावर मल्टिमीटर ९० किंवा ११० व्होल्ट दाखवतो, तोही आकडा तसाच फसवा, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही. तीन शक्यता असतात. ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी आणि लोखंड हे मिळून एक नकळत बनलेला कंडेन्सर असतो. तो १ नॅनोफॅरड धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ०.०७ मिलिअ‍ॅम्पिअर येतो. यात बिघाड काही नाही. दुसरी शक्यता, आजोबांनी रेडिओतली खरखर घालवायला फेजपासून पत्र्यापर्यंत कंडेन्सर लावला असेल. तो ०.०१ मायक्रोफॅरडचा असेल तर ०.७ मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे स्पष्ट झिणझिण्या. ०.०४७ चा असेल तर ३.४, जो झटकाच आहे. अमेरिकन गिटारवाले या कंडेन्सरला 'मृत्यूचा कंडेन्सर' म्हणतात, कारण तो शॉर्ट झाला की पत्रा थेट फेजवर. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: ओलाव्याने किंवा वयाने ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आहे.

या तिन्हींतला फरक टेस्टर सांगत नाही, १ किलोओहमचा एक रेझिस्टर सांगतो. पत्रा आणि खात्रीचा अर्थ यांच्यामध्ये तो जोडा आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर एसी व्होल्टवर ठेवा. जितके व्होल्ट, तितके मिलिअ‍ॅम्पिअर. क्लिपा पिन बाहेर असताना लावा, मग पिन घाला, वाचा, पिन काढा. मधल्या काळात कशालाही हात लावू नका. पिन उलटी करून पुन्हा मोजा. पाव मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असेल तर मी निर्धास्त असतो. अर्ध्याच्या वर असेल तर कारण सापडेपर्यंत यंत्र बाकावरून हलत नाही. ही मोजणी ओहमच्या तपासणीनंतरच करायची. चेसिस जिवंत जातीचा निघाला तर त्या रेझिस्टरमधून २३० मिलिअ‍ॅम्पिअर जाऊन तो तुमच्या डोळ्यांदेखत जळेल. तुमच्याजवळ कुणाकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असेल तर पिनेचे दोन्ही पाय एकत्र करून ते पत्र्याच्या विरुद्ध मोजून घ्या. एक मेगाओहम ही किमान रेघ धरतात. मला वीसच्या खाली आकडा आला तरी मी ट्रान्सफॉर्मर दोन दिवस कोरड्या उबेत ठेवून परत मोजतो. माळ्यावर पावसाळे काढलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आकडा असा सुधारताना मी अनेकदा पाहिलाय.

ट्रान्सफॉर्मर चांगला निघाला की या अ‍ॅम्पच्या पत्र्याला अर्थ द्यायचाच. यात मी तडजोड करत नाही. उद्या आतली फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर तिला जायला वाट हवी, आणि ती वाट तुमच्या शरीरातून नसावी. जुनी रबरी, सुती विणीची वायर पूर्ण काढून टाका. वाकवली की तिचं रबर बिस्किटासारखं तुटतं. नवी तीन तारांची वायर घ्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. परदेशी वायर असेल तर तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. न्यूट्रलवर फ्यूज नको. अर्थच्या तारेला तिचा स्वतःचा बोल्ट, खालचा रंग खरवडून, दातेरी वायसरसह. ट्रान्सफॉर्मर कसणारा बोल्ट त्यासाठी वापरू नका. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर ती शेवटी तुटेल. फ्यूज अशा अ‍ॅम्पला १ अ‍ॅम्पिअरचा, सावकाश उडणाऱ्या जातीचा पुरतो. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेले फ्यूज मी शेकड्याने काढले आहेत. आजोबांच्या अ‍ॅम्पमध्ये सापडला तर नवल मानू नका, फक्त काढा.

अर्थ देण्याआधी तो घरात खरंच आहे का, हे पाहावं लागेल, आणि इथे सगळं तुमच्या घरावर अवलंबून आहे. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं भोक असतं. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी सॉकेटच्या आतच ते न्यूट्रलला जोडलेलं असतं. मीटर फेज-अर्थमध्ये २३० दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. मग कधी न्यूट्रल तुटली की सगळ्या घरातले पत्रे फेजवर. सॉकेट उघडून, मुख्य स्विच बंद करून, डोळ्यांनी बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोड चालू असताना एक-दोन व्होल्ट दिसणं ठीक. एकदम शून्य दिसलं तर मला जोडणीचा संशय येतो, पाच-सहाच्या वर गेलं तर अर्थिंगचा. आपल्याकडे कोळसा-मीठ घालून पुरलेली प्लेट उन्हाळ्यात कोरडी पडते. अर्थचा रोध १०० ओहम झाला तर फेज पत्र्याला लागूनही फक्त २.३ अ‍ॅम्पिअर वाहतो आणि एमसीबी ढिम्म हलत नाही. म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी सवय चांगली, आणि तिच्या जोडीला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी हवाच. १०० किंवा ३०० मिलिअ‍ॅम्पिअरचा माणसाला वाचवायला पुरेसा नाही.

आरसीसीबी बसवला म्हणजे अ‍ॅम्प उघडून खुशाल हात घालावा, असं मात्र मुळीच नाही. आतले ३०० हून अधिक व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचे आहेत. ते तुमच्या एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरी आरसीसीबीला फेज-न्यूट्रलचा हिशोब जुळलेलाच दिसतो, तो उडत नाही. पिन काढल्यावरही ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२० व्होल्टला अडीच जूल धरून बसलेला असतो. व्हॉल्व्ह गरम असताना बंद केलं तर ते बहुधा स्वतःच रिकामं करतात. व्हॉल्व्ह काढलेले असले किंवा आतलं काही तुटलं असेल तर चार्ज तसाच राहतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड क्लिपांवर लावून पाच-दहा सेकंद धरा, मग मीटरने शून्य बघा, मगच हात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. माझ्या उस्तादांचा एक नियम होता: जिवंत यंत्रात मोजताना डावा हात पाठीमागे. तो मी अजून पाळतो.

दुसऱ्या मित्राची घरघर खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. अ‍ॅम्पला अर्थ, ज्या यंत्रातून गाणं येतं त्यालाही अर्थ, आणि दोघांमध्ये ध्वनी नेणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची धातूची जाळी, म्हणजे अर्थचा एक बंद फेरा तयार होतो. त्यातून वाहणारा थोडासा करंट स्पीकरमध्ये गुरगुरतो. पण उपाय म्हणून थ्री-पिनचा वरचा पाय कापणं म्हणजे गाडीचा ब्रेक आवाज करतो म्हणून ब्रेकच काढणं. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तेही नको असेल तर आतली ध्वनीची जमीन पत्र्याला थेट न जोडता १० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ३५ अ‍ॅम्पिअरचा ब्रिज रेक्टिफायर असा लावा की दोन्ही दिशांना डायोडची वाट मिळेल. पत्रा स्वतः अर्थला घट्टच राहतो. घरघर जाते, संरक्षण राहतं. आयसोलेट न केलेल्या एसी-डीसी रेडिओला मात्र हे सर्किट लावायचं नाही.

याच अ‍ॅम्पला पुढेमागे भजनासाठी किंवा गणपतीत माइक जोडणार असाल तर अर्थची गोष्ट दुप्पट महत्त्वाची. माइकचं धातूचं अंग म्हणजे अ‍ॅम्पचा पत्रा, आणि ते माणूस मुठीत धरून ओठाशी नेतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. आपल्या मांडवात तर जमीनही ओली असते.

अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डावर, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून करा. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही. बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक, लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे. त्याआधी ईएल८४ च्या ग्रिडकडे जाणारे कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हमधला आवाज पुढे नेणारे) बदला, ते गळू लागले की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. स्पीकर जोडल्याशिवाय वाजवू नका. सिरीज बल्ब यंत्राला वाचवतो, तुम्हाला शॉकपासून नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या मंडळींत यंत्रं एकमेकांकडे फिरतात म्हणून सांगतो. अमेरिकेतून आलेले १२० व्होल्टचे रिसीव्हर स्टेप-डाउनवर चालवले जातात, आणि बाजारातले बरेच स्टेप-डाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या पलीकडचे ११० व्होल्ट मेन्सपासून वेगळे झालेले नसतात. मी कुणालाही यंत्र ऐकायला देतो तेव्हा झाकणाच्या आत आणि बाहेर चिठ्ठी चिकटवतो: चेसिस जिवंत आहे की अर्थला, फ्यूज किती, गळतीचा करंट किती, मोजल्याची तारीख. घेणाऱ्याने विचारलं नाही तरी.

तर आता एवढं करा. दोन्हींच्या व्हॉल्व्हचे नंबर, स्विच चालू ठेवून पिनेच्या दोन्ही पायांपासून चेसिसपर्यंतचे ओहम, आणि तुमच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट, एवढं लिहून पाठवा. खालून काढलेला एक फोटोही चालेल, वायर कुठून कुठे जाते ते दिसेल असा. ते हाती आलं की कुठला कंडेन्सर आधी काढायचा ते मी नेमकं सांगेन. रेडिओचा नॉब गेलेला असेल तर तोवर त्या दांड्यावर प्लॅस्टिकची जाड नळी चढवून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की पिन कुणी घालायची नाही.